न आलेल्यांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी गटविकास अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो आहे. तालुका दुष्काळी, ग्रामपंचायती ऐंशीच्या वर, निम्मा तालुका ऊसतोडीला जातो. वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात 'सर्वसमावेशक ग्रामविकास' आणि 'नेतृत्व' हे शब्द असतात. पण नेतृत्व सरपंचाचं, सभापतींचं, आमदारांचं. आम्ही सह्या करणारे. मॅडम, अधिकाऱ्यानं गावाच्या विकासात नेतृत्व करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि तीन वर्षांत बदली होणारच असेल, तर मागे काय उरतं?"

मी विस्तार अधिकारी म्हणून नोकरीला लागले आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं गटविकास अधिकारी होते, तीन वेगवेगळ्या तालुक्यांत. तेवढ्याच शिदोरीवर सांगते.

'आम्ही सह्या करणारे' हे तुम्ही जरा कमीपणानं लिहिलंय, म्हणून सहीचाच एक किस्सा आधी. माझ्या पहिल्या तालुक्यात एका गावाची नळपाणी योजना पूर्ण झाली. टाकी भरली, नारळ फुटला, पूर्णत्वाच्या दाखल्यावर माझी सही झाली. दीड वर्षानं त्याच गावात वेगळ्याच कामाला गेले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या एक मावशी हंडा घेऊन विहिरीकडे निघालेल्या. म्हटलं, "मावशी, दारात नळ आला ना?" तर म्हणाल्या, "नळ आलाय की. पाणी यायचं ऱ्हायलंय." आणि मला हाताला धरून नेऊन तोटी उघडून दाखवली. तोटीतून कोळी बाहेर पडला.

पाइप वस्तीपर्यंत गेलेला होता. मोजमाप पुस्तिकेत कुठं खोट नव्हती. पण वस्ती उंचवट्यावर, लाइनच्या शेवटी. मोठ्या आळीतल्या वीस-पंचवीस घरांनी नळाला मोटारी लावलेल्या. पाणी सोडणारा कर्मचारीही त्याच आळीतला, त्यामुळे व्हॉल्व्ह आधी तिकडचा उघडायचा आणि वस्तीची पाळी येईपर्यंत टाकी तळाला गेलेली असायची. कुणी बसून ठरवून केलेला हा अन्याय नव्हता, म्हणूनच तो कुठल्याच तक्रार अर्जात आला नाही. आणि त्या सगळ्यावर 'योजना कार्यान्वित' अशी माझी सही होती.

पुढं उपाय निघाला तो अगदी साधा. वस्तीला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवला आणि पाणी सोडण्याचा क्रम उलटा केला, शेवटची वस्ती पहिली. मोटारींचा बंदोबस्त करायला पोलीस लागले नाहीत. भारनियमनाच्या वेळात पाणी सोडायला सुरुवात केली, मोटारी आपोआप मुक्या झाल्या. ही युक्ती माझी नाही, शेजारच्या गावच्या एका पाणीवाल्याची. त्यानंतर मी एक नियम केला: शेवटच्या तोटीखाली हंडा ठेवायचा, तो किती मिनिटांत भरतो ते घड्याळात पाहायचं, आणि मगच दाखल्यावर सही. उपअभियंत्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. दोन-चार दाखले परत गेल्यावर तेच मला फोन करून सांगायला लागले, "मॅडम, शेवटचा नळ बघून आलोय."

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. सभापतींकडे माईक असतो, आमदारांकडे निधी असतो. तुमच्याकडे तीन गोष्टी असतात ज्या त्यांच्याकडे नसतात: यादी, तारीख आणि दाखला. कुणाचं नाव यादीत आहे, सभा कोणत्या दिवशी आहे, काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, हे कागदावर तुम्ही ठरवता किंवा तुमच्या हाताखालची माणसं ठरवतात. गावातला दुबळा माणूस बाहेर राहतो तो बहुतेक वेळा याच तीन जागी.

यादीचं बघा. घरकुलाची 'ड' यादी हा शब्द तुमच्या कार्यालयात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत असेल. 2018 पासून आवास प्लसच्या, म्हणजे आधीच्या घरकुल यादीतून सुटलेल्या कुटुंबांच्या, नोंदी झाल्या, त्यातून ती बनली. माझ्या तेव्हाच्या तालुक्यात नोंदी घ्यायला माणूस गावोगाव फिरला तेव्हा ऐन गाळप हंगाम चालू होता. ज्यांची घरं खरोखर कुडाची, तीच माणसं उसाच्या फडात. घराला कुलूप, बाहेर ओट्यावर म्हातारी आणि दोन लेकरं. म्हातारीला आधार क्रमांक सांगता येईना, मग 'कुटुंब उपलब्ध नाही' असं लिहून पुढचं घर. सर्वेक्षण करणाऱ्यावर दिवसाला अमुक इतकी घरं असं बंधन, त्याला तरी काय बोलणार? पुढची कित्येक वर्षं ही माणसं कार्यालयात यायची आणि आम्ही सांगायचो, "तुमचं नाव यादीत नाही."

म्हणून नवीन सर्वेक्षणाचं पत्र आलं की आधी बघायचं ते महिन्याकडे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मधल्या काळात जी काही यादी होईल ती अर्ध्या गावाची. तारीख बदलणं तुमच्या हातात नसेल, तर निदान ग्रामसेवकाकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) दसऱ्याच्या आधी स्थलांतर नोंदवही भरून घ्या. कोणतं कुटुंब, किती कोयते, कुठल्या कारखान्याला, मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) कोण, मागे घरी कोण, मुलं हंगामी वसतिगृहात राहणार की सोबत जाणार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला माहीत असेलच. ही एक वही हातात असली की रेशन, शाळा, लसीकरण, घरकुल, सगळ्यांना तीच कामाला येते.

ग्रामसभेचंही तेच. वर्षाला किमान चार. प्रथेप्रमाणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जी संख्या कमी असेल ती. आता मला सांगा, ग्रामपंचायत विकास आराखड्याची घाई कधी सुरू होते? 2 ऑक्टोबरला. अंतिम मंजुरी होईपर्यंत डिसेंबर. म्हणजे पुढच्या वर्षी गावात पैसा कुठं लागणार हे ठरतं तेव्हा ज्यांना रोजगार नाही म्हणून गाव सोडावं लागतं, तेच लोक कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकच्या फडात असतात. मग आराखड्यात काय येतं? सभामंडप, कमान, मोठ्या आळीतला सिमेंट रस्ता, स्मशानभूमीची भिंत. दरवर्षी तेच.

मी केलं ते इतकंच की गरजांची यादी 15 ऑगस्टच्या सभेत घ्यायला लावली. तेव्हा टोळ्या गावात असतात. त्याआधी जुलैत शिवारफेरी, वस्तीनिहाय बैठक रात्री आठनंतर, जेवणं झाल्यावर. 2 ऑक्टोबरला फक्त त्या यादीला क्रम लावायचा. नियमात कुठंही बदल नाही, शासन निर्णय नाही, खर्च तर शून्य.

तहकूब सभेवरही लक्ष ठेवा. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही तरतूद गावाचं काम अडू नये म्हणून आहे. पण काही गावांत ती वहिवाटच होऊन बसते. पहिल्या सभेची दवंडी अशी द्यायची की कुणी येऊच नये, आणि नंतर दहा टाळकी बसून इतिवृत्त लिहून मोकळी. तुमच्या तालुक्यात गेल्या दोन वर्षांत किती ग्रामसभा तहकूब होऊन झाल्या, एवढा एक तक्ता मागवा. ज्या दहा-बारा गावांत जवळपास सगळ्याच तहकूब आहेत, तिथं स्वतः जा. मी अशा गावात गेले की हजेरीवही मागायचे आणि आलेल्यांची नावं वाचायच्या ऐवजी विचारायचे, "कोण आलं नाही?" आधी शांतता. मग कुणीतरी म्हणतं, तांड्यावरचं कुणी नाही. मग दुसरा, पारधी वस्तीला सांगितलंच नाही. मग मागून एखादी बाई, आम्हाला महिला ग्रामसभा कधी झाली ते कळलंच नाही. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असा कायदाच आहे. बऱ्याच ठिकाणी ती अंगणवाडीताईंनी घरोघर वही फिरवून 'घेतलेली' असते. त्यांनाही दोष देऊ नका, त्यांच्या डोक्यावर आधीच वीस रजिस्टरं आहेत.

आता पैशाकडे येते, कारण समावेशाच्या सगळ्या गप्पा शेवटी तिथं तपासल्या जातात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुम्हाला हे पाठ असेल. प्रत्यक्षात काय होतं तेही लवकरच दिसेल: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक बिल निघतं. 15 टक्क्यांतून वस्तीत पथदिवे, 10 टक्क्यांतून अंगणवाडीला खेळणी किंवा सतरंज्या, 5 टक्के रोख वाटून फोटो. लेखापरीक्षणात आक्षेप नको म्हणून केलेला खर्च. मी एप्रिलमध्येच विचारायला सुरुवात केली की या वर्षीच्या या तीन रकमा अंदाजे किती, आणि ज्यांच्यासाठी आहेत त्यांना विचारलं का? एका गावात दिव्यांगांनी रोख पैसे नको म्हणून सांगितलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना उतार आणि कठडा हवा होता, कारण दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दाखल्यासाठी तिथं यावंच लागे. इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या ते डोक्यात आलं नव्हतं.

यातली खरी मेख मात्र वेगळी आहे. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली तीस टक्के असेल, तर त्या तुटपुंज्या उत्पन्नाचे 15 टक्के म्हणजे किती? दोन दिव्यांचे पैसे. थकबाकीदारांची यादी काढून बघा. झोपडीवाल्याची पट्टी बहुतेक भरलेली असते, कारण दाखल्याला आला की ग्रामसेवक आधी पट्टी भरून घेतो. थकलेली असते ती माडीवाल्यांची, पेट्रोल पंपाची, मंगल कार्यालयाची. करवसुली हे रूक्ष काम वाटतं, पण माझ्या मते ते गरिबाच्या बाजूचं सर्वांत ठोस काम आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावानं, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण फुकट अशी योजना केली, ती तुम्ही ऐकली असेल. दळणाचा हिशेब घरातल्या बाईला कळतो, आणि ती नवऱ्याला पट्टी भरायला लावते. हे ज्याला सुचलं त्याला गाव कळलेलं होतं. तुमच्या तालुक्यात गिरणीच चालेल असं नाही, पण कर भरण्याचा फायदा घरात दिसला पाहिजे, हे चालेल.

महिला सरपंचांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्न तिथं येणारच. आपल्या राज्यात 2011 पासून पंचायतींत अर्ध्या जागा महिलांना आहेत. म्हणजे तुमच्या ऐंशी गावांपैकी चाळीसेक ठिकाणी ताई सरपंच. आढावा बैठकीला मात्र चाळीस 'भाऊ' येतील. नव्या अधिकाऱ्याला इथं शौर्य गाजवायची फार हौस असते. मलाही होती. एकदा भर बैठकीतून एका सरपंचपतींना मी बाहेर काढलं. टाळ्या पडल्या. त्या ताई पुढचे सहा महिने बैठकीला आल्याच नाहीत. घरी काय झालं असेल ते मला नंतर दुसऱ्या बाईंकडून कळलं. माझ्या टाळ्यांची किंमत त्यांनी भरली होती.

मग रीत बदलली. ताईंना मी एकच प्रश्न विचारायचे, "ताई, तुमचा डोंगल कुठंय?" ग्रामपंचायतीची देयकं सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल स्वाक्षरीनं निघतात. ती स्वाक्षरी ज्या पेन ड्राइव्हसारख्या वस्तूत असते, तो डोंगल. सरपंचांचा डोंगल बऱ्याचदा संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो, पासवर्डसकट. मी सगळ्या महिला सरपंचांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. विषय फक्त एक: आपल्या हातानं एक बिल मंजूर करणं आणि एक बिल नामंजूर करणं. दुसरं जास्त महत्त्वाचं. नवऱ्यांना बाहेर बसवलं नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या सभागृहात सिंचन विहिरींच्या प्रस्तावांची वेगळी बैठक ठेवली, सगळे खुशीनं तिकडे गेले. डोंगल पर्समध्ये ठेवायला लागलेल्या ताईंची संख्या पहिल्या वर्षी अकरा होती. मी ती मोजत होते, कारण तेवढा एकच आकडा मला खोटा भरून येणार नव्हता.

रोजगाराकडे येऊ. आपल्या महाराष्ट्राला याचा अभिमान वाटायलाच हवा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात लाखो घरांना आधार ठरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं. योजनांची नावं, दिवसांचे आकडे, निधीची वाटणी बदलत राहते, पुढंही बदलेल. त्या कल्पनेतली ताकद मजुरानं मागणी करण्यात आहे, आणि मागणीची ताकद तारीख घातलेल्या पोचपावतीत. पावती नसेल तर त्यानं काम मागितलंच नव्हतं असं होतं. माझ्या पहिल्या तपासणीत एका गावातल्या मागणी अर्जांवर सगळ्यांच्या एकाच तारखा, एकाच पेननं. म्हणजे मजुरांनी काम मागितलं नव्हतं, काम आधी ठरलं होतं आणि मजूर कागदावर मागवले होते.

पण त्याहून मोठा घोळ मजुरीच्या तारखेचा. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. रोख, दारात येऊन, लग्नाला नाहीतर दवाखान्याला लागतील तेव्हा. आमची मजुरी कायद्यानं पंधरा दिवसांत, प्रत्यक्षात दोन-दोन महिन्यांनी. मग मजुरानं आमच्यावर का विसंबावं? लोक म्हणतात, ऊसतोडीवाल्यांना गावात काम नकोच असतं. मी म्हणते, आधी सलग एक हंगाम वेळेवर पैसे देऊन बघा आणि मग बोला. माझ्या कक्षात मी एक फळा लावला. प्रत्येक कामासमोर चार तारखा: मस्टर (हजेरीपट) संपलं कधी, मोजमाप कधी, संगणकावर नोंद कधी, पैसे जमा कधी. आठवडाभरात कळलं की उशीर बँकेत होतच नाही, तो मोजमापात आहे. तांत्रिक सहायकांकडे पंधरा-वीस गावं, ते सगळी मोजमापं साठवून एकदम करायचे. गावागणिक मोजमापाचा वार ठरवून दिला, बाजाराच्या वारासारखा. पैसे तीन आठवड्यांवर आले. पंधरा दिवसांचं बंधन मी कधीच पूर्ण पाळू शकले नाही, हेही सांगून टाकते. तरी त्या वर्षी दोन गावांतल्या काही जोड्या ऊसतोडीला गेल्या नाहीत. फार नाही, थोड्याच. पण त्यांची मुलं त्या वर्षी गावच्याच शाळेत राहिली.

बचत गटांबद्दल एक स्पष्ट मत आहे, काहींना आवडणार नाही. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे 2011 नंतर गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी जी रचना उभी राहिली ती मोलाची आहे, गावातल्या बायकांना बँकेच्या दारात जायची सवय तिनं लावली. पण दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. एक, सर्वांत गरीब बाई गटात नसते. साप्ताहिक बचत जमत नाही, सहा महिने गावात नसते, मग गट तिला घेत नाही. आणि पूर्ण गटच ऊसतोडीला गेला तर तो 'बंद गट' ठरतो आणि श्रेणी घसरते. अशा गटांना उन्हाळी-पावसाळी बैठकांची मुभा मिळावी म्हणून मी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांशी भांडले. एका शाखेनं ऐकलं, दोघांनी नाही. दुसरं, पापड-लोणची-शेवया. कुठलंही प्रशिक्षण काढा, शेवटी तिथंच येतं. गावातली प्रत्येक बाई लोणचं घालते, मग विकत घेणार कोण? तालुक्याच्या आठवडी बाजारात जाऊन बघा की गावाचा पैसा कशावर बाहेर जातो. आमच्याकडे डाळीवर जात होता. तूर पिकवायची, व्यापाऱ्याला विकायची, आणि डाळ चढ्या भावानं विकत आणायची. एका ग्रामसंघानं छोटी डाळ मिल घेतली आणि सुरुवातीला विक्रीच्या नादी न लागता फक्त गावाची तूर भरडून दिली, भरडाई घेऊन. शेळ्यांचंही तसंच. भूमिहीन बाईला शेळी कळते, तिला त्याचं प्रशिक्षण नको असतं. तिला वेळेवर लस टोचणारा माणूस आणि चरायला जागा हवी असते.

चराईवरून पाणलोटाकडे. तुमच्या तालुक्यातून हिवरे बाजारला बस नक्की जाईल, सगळ्यांच्या जातात. पोपटराव पवारांच्या गावानं 1990 नंतर जे करून दाखवलं ते खरंच मोठं आहे. पण आमचे लोक तिथून समतल चर आणि झाडं बघून येतात. त्यांनी बघायचा असतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजून त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची हे गाव बसून ठरवतं, आणि सिंचनासाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, हे पाळतं. बांधबंदिस्ती सरकारी पैशातून कुठंही होते. साठलेलं पाणी चार मोटारवाल्यांनी ओढून नेऊ नये हे ठरवणं अवघड, आणि त्याला निधी लागत नाही.

आणि हा प्रश्न पाणलोटाच्या प्रत्येक कामाआधी विचाराच: ज्याला जमीन नाही त्याला यातून काय? विहिरीला पाणी वाढलं की जमीनवाल्याचं पीक वाढतं. भूमिहीनाला कामाचे दिवस मिळतात तेवढेच. त्यात चराईबंदी आली की त्याच्या शेळ्या उपाशी. म्हणून बंदीचा ठराव घेण्याआधी कापून नेता येईल अशा गवतात त्याचा वाटा, तलावातल्या मासेमारीत पहिला हक्क, हे त्याच ठरावात लिहून घ्या. 'नंतर बघू' म्हटलं की ते कधीच होत नाही, हे मी दोन गावांत भोगलंय.

निर्णय कसा घ्यायचा हे शिकायला मात्र मी लोकांना गडचिरोलीला धाडलं असतं, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी. 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलावर त्या गोंड गावाचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मान्य झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची ग्रामसभा बहुमतानं चालत नाही, सर्वसहमतीनं चालते, हे कमी जणांना ठाऊक असतं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर. आधी अभ्यासगटात चर्चा, मग सभा. आपल्याकडे मिश्र जातींच्या, दोन पॅनलांच्या गावात हे जसंच्या तसं होणार नाही, तसा आग्रहही धरू नका. पण वस्तीतल्या चार घरांवर परिणाम करणारा विषय त्या चार घरांच्या संमतीशिवाय मंजूर करायचा नाही, एवढं तर आपल्या सभांतही पाळता येतं.

आता सभापती-आमदारांच्या राजकारणाचं. 2022 नंतर निवडणुका रखडल्या आणि राज्यातल्या बहुतेक पंचायत समित्यांवर प्रशासक आले. आमच्यातल्या पुष्कळांना ते दिवस सुखाचे वाटले. सभापती नसण्याची सवय अधिकाऱ्याला फार लवकर लागते. मला ती वाईट वाटते. सदस्य कटकट करतात, टक्केवारीचा वास येतो, सगळं खरं. पण रात्री अकराला "मॅडम, आमच्या वाडीचा पूल वाहून गेला" असा फोनही तेच करतात. त्यांच्याशी भांडण झालं तर कागदावर करा, चहा मात्र एकत्र घ्या. आमदारांच्या यादीतली कामं होणारच. तुमचं काम एवढंच की त्या यादीशेजारी ग्रामसभेची यादी ठेवायची आणि दोन्हींत सामाईक असलेली कामं आधी करायची. बहुतेक पुढारी त्यावर हसतात आणि मान्य करतात. त्यांनाही श्रेय हवंच असतं.

बदलीनंतर काय उरतं? तुमच्या भाषणातलं काही नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयातली टेबलं, कपाटं, फायली यांची व्यवस्था लावली. ते तिथून बदलून जाऊन चाळीस वर्षं झाली तरी 'लखीना पॅटर्न' हा शब्द कार्यालयांत टिकून आहे. तुमच्या लिपिकांना सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावायची रीत, शिकवलेली असते, ती खरोखर पाळली जाते का बघा. विशेषतः प्रतीक्षेचा गठ्ठा. गरिबाचं प्रकरण फेटाळलं जात नाही, ते प्रतीक्षेच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं, 'अर्जदाराकडून कागदपत्र अप्राप्त' म्हणून, आणि अर्जदाराला ते कुणी कळवलेलंच नसतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तो एकच गठ्ठा टेबलावर मागवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर तो माझ्याकडे यायच्या आधीच निम्मा व्हायचा. स्थलांतर नोंदवही, मोजमापाचे वार, 15 ऑगस्टची यादी, हा गठ्ठा: यांतलं जे लिपिकाला आणि ग्रामसेवकाला सोयीचं वाटेल ते तुमच्यामागं चालू राहील. बाकीचं बंद पडेल. माझी निम्मी कामं बंद पडली, डोंगलचं प्रशिक्षण तर पुढच्याच वर्षी.

एक किरकोळ वाटणारी सूचना राहिली. दौऱ्यावर दुपारचं जेवण कुठं घेता ते सगळं गाव बघत असतं. वाड्यावर पंगत असेल तर वस्तीतला माणूस त्या दिवशी तुमच्यापाशी येत नाही. मी डबा न्यायचे आणि शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचे. सुरुवातीला सरपंच रुसतात, मग त्यांचाही डबा तिथंच येतो. ठेचा बहुतेक वेळा वस्तीतूनच यायचा, आणि तो वाढायला आलेल्या बाया लगेच उठून जायच्या नाहीत.